एमजीबीमध्ये एमएक्स-५ च्या सीट: खरं काम सीटच्या खालचं

एमजीबी ही ब्रिटिश एमजी कंपनीची जुनी स्पोर्ट्स गाडी. तिच्या मूळ सीटच्या गादीखाली रबरी पट्ट्या किंवा ताणलेला रबरी पडदा असतो. रबर वाळतं, तडकतं, आणि फोमचा पिवळा चुरा गालिच्यावर पडायला लागतो. बूड खाली जातं, मांड्या वर येतात, कंबरेच्या मागे पोकळी राहते. एवढंच दुखणं असेल तर सीट बदलू नये. नवीन पट्ट्या आणि नवीन फोम घातला की मूळ सीट चांगली बसते आणि गाडीचं रूपही टिकतं.

बदलायचं खरं कारण मान. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात बनली. सुरुवातीच्या गाड्यांची पाठ खांद्याच्या खालीच संपते आणि डोक्याला मागून काहीच आधार नसतो. मागून धक्का बसला तर मान मागे फेकली जाते. आम्हाला डोक्यापर्यंत पाठ हवी होती, बाजूचा आधार हवा होता, आणि गाडीच्या मूळ पत्र्याला एकही नवं भोक पडायला नको होतं. या तिसऱ्या अटीमुळे काम दुप्पट झालं, तरी ती सोडू नये असंच आमचं मत आहे. मूळ सीट जपून ठेवल्या आणि फ्लोअरची भोकं शाबूत राहिली, तर गाडी कधीही पूर्ववत करता येते.

या कामासाठी दोन गाड्यांच्या सीट जास्त वापरल्या जातात: माझदा एमएक्स-५ आणि पॉन्टिॲक फिएरो. फिएरो १९८४ ते १९८८ एवढीच बनली, त्यामुळे तिच्या चांगल्या सीट मिळणं अवघड. एमएक्स-५ ची पहिली पिढी १९८९ मध्ये आली आणि तिच्या सीट मुबलक मिळतात. दोन्ही गाड्या दोन माणसांच्या आणि बुटक्या, त्यांच्या सीटही बुटक्या आणि अरुंद. नेहमीच्या चार दारी गाडीची सीट एमजीबीत घालायचा प्रयत्न करू नये. ती टनेल (दोन सीटमधला पत्र्याचा उंचवटा) आणि सिल (दाराखालची कड) यांच्यामध्ये मावत नाही, आणि मावली तरी डोकं छताला टेकतं.

नव्या पिढीच्या सीट घेताना एक धोका आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत सीटच्या बाजूच्या फुगवट्यात एअरबॅग असते. एअरबॅगच्या जोडणीचं वेष्टन पिवळं असतं, त्यावरून ती ओळखावी. अशी सीट काढताना आधी बॅटरी सोडावी, काही मिनिटं थांबावं, आणि त्या जोडणीला मल्टिमीटर अजिबात लावू नये, कारण मीटरचा छोटा प्रवाहही एअरबॅग उडवू शकतो. एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत सीटमध्ये एअरबॅग नाही, आणि तीच निवडण्यामागचं हेही एक कारण.

जोडी विकत घेताना आम्ही कापडाकडे शेवटी पाहिलं. कापड बदलता येतं, वाकलेला सांगाडा सरळ करता येत नाही. सीट जमिनीवर उलटी ठेवून आधी दोन्ही रेल (सीट ज्यांवर सरकते त्या पट्ट्या) पुढेमागे सरकवून पाहाव्या. चालकाच्या सीटची दाराकडची कड चढउतारात घासून फोमपर्यंत फाटलेली असते, तो खर्च धरून चालावं. पाठीचा लिव्हर ओढून पाठ मोकळी हलते का, सोडल्यावर पक्की अडकते का, ते पाहावं. पाठीवर दोन्ही हातांनी जोर दिल्यावर सांध्यात खटखट जाणवली तर ती सीट घेऊ नये. आणि सीटबरोबर तिचे बोल्ट, बेल्टचा बकल, खांद्याजवळची बेल्टची मार्गदर्शक पट्टी, हे सगळं मागून घ्यावं. नंतर सुटं शोधत बसण्यात वेळ जातो.

मोजमाप हा या कामाचा गाभा आहे. यात घाई केली की पुढे प्रत्येक टप्प्यावर अडतं.

पहिलं माप रुंदीचं. टनेल आणि सिल यांच्यामधलं अंतर तीन उंचींवर मोजावं: फ्लोअरपाशी, रेलच्या उंचीला आणि गादीच्या सर्वात रुंद भागापाशी. टनेल वर निमुळता होत जातो, म्हणून वरचं माप मोठं येतं आणि माणूस फसतो. सीट अडकते ती खाली, रेलच्या लिव्हरपाशी. आमच्या गाडीत सीट मध्ये ठेवल्यावर दोन्ही बाजू मिळून जेमतेम १० ते १२ मिमी मोकळीक उरली. गालिचा दोन्हीकडे सिल आणि टनेलवर चढतो आणि त्याची जाडी यातूनच जाते. हँडब्रेकचा दांडा टनेलला लागून असतो. तो ओढताना बोटं सीटच्या कडेवर घासतात का, ते सीट नुसती आत ठेवूनच पाहून घ्यावं.

दुसरं माप उंचीचं, आणि यातच बहुतेक जण चुकतात. रिकाम्या सीटची उंची मोजून उपयोग नाही. जुन्या सीटवर माणूस बसवावा, ओळंबा लावून त्याच्या कंबरेच्या सांध्याची फ्लोअरपासून उंची घ्यावी, मग तोच माणूस नव्या सीटवर बसवून तेच माप घ्यावं. नवा फोम कमी दबतो, त्यामुळे रिकाम्या सीटमध्ये १५ मिमीचा फरक दिसला तर माणूस बसल्यावर तो ३० मिमी निघू शकतो. एमएक्स-५ ची सीट तिच्या मूळ पायांवर ठेवून मोजली तेव्हा आमच्याकडे माणूस पूर्वीपेक्षा सुमारे ४५ मिमी वर बसत होता. एवढ्याने स्टिअरिंगची खालची कड मांडीला लागते, विंडस्क्रीनची वरची चौकट डोळ्यांसमोर येते आणि हूड (कापडी छत) लावल्यावर डोकं कापडाला टेकतं.

उंचीचा चौथा परिणाम लगेच दिसत नाही आणि तोच सर्वात गंभीर आहे. उघड्या एमजीबीत बेल्टचा वरचा आधार मागच्या चाकाच्या कमानीकडे, तसा खालीच असतो. माणूस जितका वर बसेल तितका खांदा त्या आधाराच्या वर जातो. मग बेल्ट खांद्यावरून मागे सरळ न जाता खाली उतरतो, आणि धडकेत तो खांद्याला मागे धरण्याऐवजी खाली दाबतो. तो दाब कण्यावर येतो. म्हणून सीट खाली नेणं ही आरामाची गोष्ट राहत नाही, सुरक्षेची होते.

तिसरं माप सरळपणाचं. जुन्या गाड्यांत सीट, स्टिअरिंग आणि पेडल एका रेषेत असतातच असं नाही. स्टिअरिंगच्या मध्यातून ओळंबा सोडावा, गादीच्या मध्यावर खडूची रेघ ओढावी, आणि दोन्हींत किती फरक येतो ते पाहावं. मूळ सीटमध्ये जो फरक होता त्यापेक्षा नव्या सीटमध्ये तो वाढू देऊ नये. १० मिमी जास्त झाला तरी लांबच्या प्रवासात एका बाजूची कंबर ओढल्यासारखी होते.

आता मूळ सीट काढणं. सीट पूर्ण पुढे केली की मागचे दोन बोल्ट दिसतात, पूर्ण मागे केली की पुढचे दोन. बोल्ट ५/१६ इंची यूएनएफ (बारीक आट्यांचे इंची) आहेत, त्यांना १/२ इंचाचा पाना लागतो. १३ मिमीचा पाना बसतो, पण किंचित सैल, आणि गंजलेल्या बोल्टचा माथा त्याने गोल होतो. आदल्या रात्री गाडीखालून बोल्टच्या टोकावर गंज सोडवणारं तेल मारावं. बोल्ट थोडा फिरून परत घट्ट झाला तर जोर न लावता अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे असा सोडवत यावा. जोर लावला तर आतला बंदिस्त (पत्र्याला कायमचा पक्का केलेला) नट फ्लोअरपासून सुटून बोल्टबरोबर गरगर फिरायला लागतो. मग बोल्टचं डोकं कापून, वरून पत्रा उघडून नवा नट वेल्ड करण्यावाचून मार्ग नाही.

रेलखाली लाकडी पट्ट्या असतात. त्या काळ्या पडलेल्या, कुजलेल्या निघाल्या तर त्याखालचा पत्राही तपासावा. लाकूड ओल धरून ठेवतं आणि गंज नेमका तिथेच लागतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलं की चांगला पत्रा टणक आवाज देतो, गंजलेला बद्द बोलतो. आमच्याकडे मागच्या एका बोल्टभोवती रुपयाएवढा भाग बद्द वाजला, तारेच्या ब्रशने घासल्यावर तिथे सुईची भोकं दिसली. अशा पत्र्यावर सीट बसवायचीच नाही. तो भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा पत्रा वेल्ड करावा, वरून प्रायमर आणि खालून अंडरकोटिंग द्यावं, मगच पुढे जावं.

नट साफ करायला ५/१६ यूएनएफचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) लावावा, आणि इथे एक चूक फार वेळा होते. घरात एम-८ चे बोल्ट पडलेले असतात. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, एम-८ म्हणजे ८ मिमी. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण यूएनएफला एका इंचात २४ आटे, म्हणजे दोन आट्यांत १.०६ मिमी अंतर, आणि नेहमीच्या एम-८ मध्ये १.२५ मिमी. एम-८ चा बोल्ट त्या नटात एखाद-दोन आटे हाताने जातो, म्हणून बरोबर वाटतो. पुढे पान्याने ओढला की नटाचे आटे जातात. बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो चुरडलेल्या आट्यांवर टेकलेला असतो. सीटसाठी हे जीवघेणं आहे. बोल्ट इंची आणि ग्रेड ५ चाच घ्यावा, त्याच्या डोक्यावर तीन रेघा असतात. मेट्रिक बोल्ट फक्त सीट आणि नव्या पट्टीच्या जोडणीत वापरावेत, तिथे ८.८ लिहिलेले चालतात.

आता एमएक्स-५ ची सीट. तिच्या रेलच्या टोकांना पत्र्याचे पाय आहेत, ते तिच्या स्वतःच्या फ्लोअरच्या आकाराला धरून घडवलेले. एमजीबीच्या सपाट फ्लोअरवर ते डुगडुगतात. काही जण पुढचे पाय हातोडीने सपाट करून रेलमध्ये नवी भोकं पाडतात. आम्ही तसं केलं नाही, कारण ठोकलेला पत्रा वाकतो तिथे कच्चा होतो आणि रेलही पिळते. पाय रिव्हेटने जोडलेले असतील तर रिव्हेट ड्रिलने काढावेत, वेल्ड असतील तर पातळ चकतीने वेल्डच कापावा, रेलच्या पत्र्याला चकती लागू देऊ नये. कापण्याआधी गादी आणि पाठीचं कव्हर काढून ठेवावं. ग्राइंडरची एक ठिणगी फोममध्ये शिरली की वर काही दिसत नाही, आत तो धुमसत राहतो, आणि त्याचा धूर विषारी असतो. रेलच्या खोबणीतले गोळे आणि प्लास्टिकचे तुकडे ओल्या चिंध्यांनी झाकावेत. रेलवर वेल्डिंग करूच नये. तापलेली रेल वाकडी होते आणि तिच्यातलं ग्रीस जळतं.

मग रेल फ्लोअरला जोडायची कशी? एमजीबीच्या चार भोकांची मांडणी वेगळी, एमएक्स-५ च्या रेलमधलं अंतर वेगळं. दोन्हींना जोडणारी एक चौकट हवी. आम्ही प्रत्येक सीटखाली ५० × ६ मिमीच्या दोन लोखंडी पट्ट्या आडव्या घातल्या, एक पुढे, एक मागे. प्रत्येक पट्टीच्या दोन टोकांना फ्लोअरचे मूळ बोल्ट, आणि त्यांच्या शक्य तितक्या जवळ रेलचे बोल्ट. हे जवळ असणं महत्त्वाचं. रेलचा बोल्ट पट्टीच्या मध्याकडे गेला तर पट्टी धनुष्यासारखी वाकते.

पट्टीची भोकं आधी पुठ्ठ्यावर उतरवावीत. जाड पुठ्ठा फ्लोअरवर ठेवून खालून टोकदार खिळा बंदिस्त नटातून वर काढला की भोकाचा मध्य नेमका मिळतो. सीटच्या रेलचं मापही त्याच पुठ्ठ्यावर घ्यावं आणि दोन्हींचे कर्ण मोजावेत. दोन कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर पुठ्ठा सरकलेला आहे किंवा फ्लोअर वाकलेला आहे, आणि फ्लोअर वाकलेला असणं जुन्या गाडीत मुळीच नवलाचं नाही. ड्रिल आधी ४ मिमीचं, मग ८.५ मिमीचं चालवावं. एकदम मोठं ड्रिल पट्टीवर नाचतं आणि भोक हलतं.

पट्टी गालिच्यावर टेकू नये म्हणून फ्लोअरच्या बोल्टभोवती लोखंडी नळीचे तुकडे घातले, मागे १० मिमी उंच, पुढे २८ मिमी. त्यामुळे गादी पुढून थोडी वर उचलली जाते. सपाट गादीवर ब्रेक दाबताना माणूस पुढे घसरतो. पुढच्या-मागच्या पट्टीत ३५ सेमी अंतर असेल तर १८ मिमीच्या फरकाने सुमारे ३ अंशांचा उतार मिळतो, आणि तेवढा पुरतो. मागचे तुकडे १० मिमीपेक्षा कमी करू नयेत, कारण पट्टीखाली वेल्ड केलेला एम-८ चा नट ६.५ मिमी उंच असतो आणि बोल्टचं टोक त्याखाली थोडं बाहेर येतं.

इथे आम्हाला एकदा सगळं खोलावं लागलं. पट्टी सपाट, आणि त्यावर रेल ३ अंशांनी कललेली. ५० मिमी रुंदीच्या पट्टीवर ३ अंश म्हणजे एका कडेला जवळपास २.६ मिमी फट. बोल्ट ओढला की ती फट मिटते, पण पट्टी हलत नाही, रेल वाकते. सीट कार्यशाळेच्या टेबलावर लोण्यासारखी सरकत होती, गाडीत बसवल्यावर मधल्या तीन खाचांतच अडकायची आणि दोन्ही टोकांना हातभर जोर लागायचा. पहिल्यांदा वाटलं ग्रीस कमी आहे. बोल्ट अर्धा आटा सैल केला की ती पुन्हा सरकायची, तेव्हा दोष कळला. पट्टी आणि रेल यांच्यामध्ये तितक्याच उताराची लोखंडी पाचर घातली आणि आवळल्यावरही रेल सरळ राहिली. पाचर जाड टोकाला २.६ मिमी, पातळ टोकाला जवळजवळ शून्य, कानशीने घासून केली.

त्याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्ट कुलपाची. सीट सरकवून लिव्हर सोडल्यावर दोन्ही रेलचे दात एकाच वेळी खाचेत बसायला हवेत. कान लावून ऐकावं. दोन्ही बसले तर एकच भरीव "खट्ट" येतो. दोन आवाज आले, किंवा एक आवाज आल्यावर सीटची एक कड हाताने हलत असेल, तर एक रेल अर्ध्या खाचेने मागे-पुढे आहे. अशी सीट रोजच्या वापरात ठीक वाटते आणि जोराचा ब्रेक लागल्यावर एका बाजूने सुटून तिरकी होते. रेल एकमेकींना समांतर आहेत का ते पुढे आणि मागे अंतर मोजून पाहावं. १ मिमीपेक्षा जास्त फरक राहू देऊ नये. चारही टेकू एका पातळीत नसतील तर १ किंवा १.५ मिमीचे वॉशर घालून ज्या कोपऱ्यात फट आहे तिथेच भरावं. चारही बोल्ट बोटांनी लावून, सीट पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे सरकवून, मग थोडे थोडे करून आळीपाळीने आवळावेत. एक बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलं की चौकट तिथेच पिळते.

रेलच्या आत बोल्टचं डोकं किती उंच आहे तेही पाहावं. वरची रेल खालच्या रेलच्या खोबणीतून धावते. नेहमीचं षटकोनी डोकं तिला अडवतं आणि सीट मध्येच थांबते. चपट्या डोक्याचे, आत ॲलन की लागणारे बोल्ट घ्यावेत, आणि प्रत्येक बोल्ट लावल्यावर रेल एकदा पूर्ण सरकवून पाहावी.

ताकदीचा हिशोबही आधीच करावा. सीट धडकेत तुटून येऊ नये म्हणून अमेरिकेतल्या एफएमव्हीएसएस २०७ या गाडी-सुरक्षा नियमामध्ये तिच्या वजनाच्या २० पट जोर धरलेला आहे. १५ किलोची सीट असेल तर जवळपास २९५० न्यूटन. हा जोर फक्त सीटचा. बेल्टचा बकल सीटच्या सांगाड्यावर असेल तर माणसाचा जोरही त्याच चार बोल्टांवर येतो, आणि बेल्टच्या आधारांसाठीचा यूएन नियम क्रमांक १४ खांद्याच्या आणि कंबरेच्या पट्ट्यावर प्रत्येकी १३,५०० न्यूटन लावून तपासतो. म्हणजे चारपटींपेक्षा जास्त. एमजीबीच्या फ्लोअरमधले ५/१६ चे नट एवढ्या जोरासाठी बनवलेले नाहीत.

म्हणून एमएक्स-५ चा बकल आम्ही वापरलाच नाही. बेल्टचे आधार गाडीचेच ठेवले: छोटा बकल टनेलच्या बाजूच्या मूळ आधाराला, बोल्ट ७/१६ इंची यूएनएफ, जो बेल्टसाठी सर्रास वापरला जातो. सीटच्या कडेतून बकल वर यायला जागा हवी. तो गादी आणि टनेलमध्ये चेपला तर वळतो, आणि बेल्ट लावताना जीभ अर्धवट आत जाते. कंबरेचा पट्टा बाजूने पाहताना क्षितिजाशी साधारण ४५ ते ७५ अंशांत असावा. त्याहून आडवा असेल तर माणूस पट्ट्याखालून घसरतो, आणि पट्टा हाडावरून निसटून पोटावर येतो. सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे, दोन्हीकडे हा कोन पाहावा, कारण आधार जागच्या जागी आणि सीट मात्र सरकणारी.

गाडीखाली ज्या बाजूने ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी आणि बॅटरीची जाड वायर जाते तिथे बोल्टचं टोक किती बाहेर येतं ते आरसा लावून पाहावं. आम्ही मूळ भोकंच वापरली, तरी नवा बोल्ट लांब निघाला तर तो नळीला घासतोच. नटाबाहेर दोन आटे पुरे.

डोक्यापर्यंतच्या पाठीचे परिणाम मागे दिसतात. सीटच्या मागे फळीखाली बॅटरी असते, १९७४ पर्यंतच्या गाड्यांत ६ व्होल्टच्या दोन, नंतर १२ व्होल्टची एक. त्या झाकणापर्यंत हात पोचायला पाठ पुढे झुकली पाहिजे. सीट बसवल्यावर पहिल्याच दिवशी हे झाकण उघडून पाहावं. उघड्या गाडीत हूड दुमडून ठेवलं की त्याच्या लोखंडी दांड्या आणि सीटची पाठ यांच्यात किती जागा राहते तेही तपासावं. पाठ जास्त मागे टेकवली तर दांडी कापडावर घासून काही महिन्यांत तिथे भोक पाडते. टोनो कव्हर (छत उघडं असताना सीटवरून ताणायचं कापड) तर डोक्याच्या आधारावर तंबूसारखं उभं राहतं आणि त्याची बटणं लागत नाहीत. त्याला दोन फुगे शिवून घेणं हाच इलाज.

पहिल्या पिढीच्या काही एमएक्स-५ मध्ये डोक्याच्या आधारात स्पीकर असतात. उघड्या गाडीत त्यांचा खरा उपयोग होतो, पण १९६७ पूर्वीच्या एमजीबीत बॅटरीचा धन टोक बॉडीला जोडलेला असतो हे विसरू नये. स्पीकरच्या दोन्ही वायर बॉडीपासून पूर्ण वेगळ्या ठेवाव्यात आणि धन-अर्थिंगला न चालणारा रेडिओ त्या गाडीला लावू नये. गरम होणाऱ्या सीटचा मोह तर जुन्या डायनॅमोच्या गाडीत टाळावाच. त्या डायनॅमोतून जेमतेम २२ अँपिअर मिळतात, आणि दोन सीट मिळून ८ ते १० अँपिअर खातात. रात्री दिवे, वायपर आणि सीट एकदम लावले की बॅटरी रिकामी होत जाते.

शेवटी गालिचा. त्याला भोक पाडताना चाकूने लहान अधिक चिन्ह कापावं. ड्रिल लावलं की दोरे ड्रिलवर गुंडाळत जातात आणि हातभर लांब पट्टा उसवतो. नळीचे तुकडे थेट पत्र्यावर टेकले पाहिजेत, गालिच्यावर नाही. गालिचा दबत जातो आणि बोल्ट सैल होतो. फ्लोअरचे ५/१६ चे बोल्ट आणि एम-८ चे, दोन्ही आम्ही सुमारे २५ न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळले, प्रत्येक डोक्यावर रंगाची एक रेघ ओढली, म्हणजे पुढे बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसते. पहिल्या १०० किमीनंतर सगळे पुन्हा तपासले. मागच्या डाव्या बोल्टची रेघ केसाएवढी सरकली होती, त्या नळीखाली रंगाचा जाड थर राहून गेला होता. रंग खरवडला, बोल्ट पुन्हा आवळला, आणि ५०० किमीनंतर पाहिलं तेव्हा सगळ्या रेघा जागेवर होत्या.